हँडलवरून हात सरकतोय? टेप आणि ग्लोव्हज विकत घेण्याआधी हे तपासा

"हँडलला ग्रिप राहिली नाही, कोणती टेप घेऊ?" ठाणे आणि नवी मुंबईत सायकल चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वर्षभर येत असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मी अशा कितीतरी हँडलांच्या टेपा सोडवल्या, धुतल्या, पुन्हा गुंडाळल्या. बहुतेक वेळा नव्या टेपची गरजच नव्हती. जिथे होती तिथेही नुसती टेप बदलून भागलं नाही, तिच्यासोबत ग्लोव्हजचाही विचार करावा लागला. म्हणून दुकानात जायच्या आधी ही यादी वरून खाली वाचत जा. फुकटच्या तपासण्या आधी आहेत, खर्चाच्या नंतर.

लक्षणं

– हात ओला झाला की तळवा पुढे सरकतो, जास्त करून उतारावर ब्रेक दाबताना.
– टेपचे वेढे सरकलेत, मध्ये फटी पडल्यात, आतली नळी दिसतेय.
– टेप चिकट झालीय, हाताला काळं लागतं.
– ग्लोव्ह हातातच फिरतो, तळव्यावर कापडाची घडी पडते, अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो.
– थोडं अंतर गेल्यावर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मुंग्या येतात.
– खड्ड्यात आदळल्यावर सगळं हँडलच किंचित खाली झुकतं, किंवा उभं राहून पेडल मारताना स्टेमजवळ (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) करकर वाजतं.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं राहू द्या, थेट बोल्टच्या तपासणीवर जा आणि ती होईपर्यंत सायकल रस्त्यावर काढू नका.

आपल्याकडेच हे इतकं का होतं, तेही सांगतो. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, ओघळतो. ठाण्यातला येऊरचा डोंगर चढताना तो दंडावरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून मनगटात उतरतो आणि ग्लोव्हमध्ये मुरतो. वर पोहोचलात की लगेच उतार, वळणं आणि स्पीडब्रेकर. म्हणजे हात सगळ्यात ओले असतात तेव्हाच त्यांच्यावर सगळ्यात जास्त भार येतो. पाम बीच रोडची गोष्ट वेगळी. वाशीपासून बेलापूरपर्यंत सपाट, सरळ रस्ता, त्यामुळे हात एकाच जागी तसाच राहतो, तळव्यातली तीच नस दबत राहते आणि बोटं झोपतात. घोडबंदर रोडला गायमुखच्या पट्ट्यात खड्डे, वाशी खाडीपुलावर सांध्यांचे दणके. तेव्हा तक्रार कुठे सुरू होते ते आधी आठवा. सरकणं आणि बधिर होणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींवर एकच जाड टेप हा उपाय नाही.

१. नेमकं काय सरकतंय? (खर्च: शून्य)

हातापासून सायकलपर्यंत चार जोड आहेत: हात आणि ग्लोव्ह, ग्लोव्ह आणि टेप, टेप आणि नळी, नळी आणि स्टेम. यातला एकच बहुधा सुटलेला असतो. इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचे दोन छोटे तुकडे घ्या. एक तुकडा हँडलच्या टेपच्या शेवटच्या वेढ्यावरून शेजारच्या उघड्या नळीवर जाईल असा आडवा चिकटवा, दुसरा हँडल आणि स्टेमच्या सांध्यावर. दोन्ही तुकडे सांध्यावर ब्लेडने हलकेच कापा (कार्बनचं हँडल असेल तर कापू नका, सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूने खूण करा). आता नेहमीसारखं घट्ट धरून पुढे-मागे पिळा. कुठला काप जागेवरून हलला ते लगेच दिसतं. दोन्ही जागच्या जागी असतील तर दोष टेपच्या वरच्या बाजूला, म्हणजे ग्लोव्हमध्ये किंवा हातावर आहे.

ही तपासणी टाळू नका. टेप नळीवरून सरकत असेल तर जगातला सर्वोत्तम ग्लोव्ह तिला थांबवणार नाही, आणि ग्लोव्ह हातात फिरत असेल तर महागडी टेप निरुपयोगी आहे.

२. धुवा (खर्च: भांड्यांचा साबण)

घामातलं मीठ, सनस्क्रीन, धूळ आणि चेनचं तेल यांचा टेपवर एक गुळगुळीत थर बसतो. तिरक्या उजेडात टेप चमकत असेल तर तोच तो. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, जुना दातांचा ब्रश, वेढ्याच्या दिशेनेच घासायचं, उलटं घासलं तर कडा उचकटतात. नंतर ओल्या फडक्याने साबण पूर्ण काढा. साबण राहिला तर पुढच्या पावसात तोच निसरडा होतो. पाण्याचा फवारा मारू नका, वेढ्यांच्या आत पाणी शिरतं आणि आपल्या हवेत ते दिवसेंदिवस आतच राहतं.

ग्लोव्हजही थंड पाण्यात, सौम्य पावडरीने हाताने धुवा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर तळव्याची पकड घालवतो. उन्हात किंवा फ्रिजच्या मागे वाळवू नका, सावलीत पंख्याखाली टांगा. तळवा कडक, पांढुरका झाला असेल तर ते मीठ आहे, आणि बरेचदा एका धुण्यात ग्लोव्ह पुन्हा कामाचा होतो.

हाताला काय लावता हेही बघा. सनस्क्रीन लावून लगेच हँडल धरू नका, तळवे साबणाने धुवून पुसा. येऊरला जायचं म्हणून डास पळवणारं मलम चोपडता ना? त्यात डीट हे रसायन असेल तर ते बऱ्याच प्रकारचं प्लास्टिक आणि रबर मऊ करतं. टेप किंवा रबरी ग्रिप अचानक चिकट होण्यामागे हे कारण असू शकतं. मलम बोटांच्या टोकांनी दंडाला लावा आणि नंतर हात धुवा. एकदा विरघळून चिकट झालेलं रबर मात्र धुवून परत येत नाही, ते बदलावंच लागतं.

३. हवा आणि सीट (खर्च: शून्य)

ही तपासणी बधिर होणाऱ्यांसाठी. नुसतं सरकत असेल तर पुढे जा.

टायरच्या कडेवर छापलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे. आपल्याकडे पंपवाला विचारतो "फुल्ल?" आणि आपण मान हलवतो. 32 मिमी रुंदीचा टायर आणि साधारण 70 किलोचा माणूस असेल तर 60 पीएसआयच्या आसपास पुरे. त्याहून कडक टायर प्रत्येक खडी थेट तळव्यात पोचवतो.

सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि तो भार हात पेलतात. सीटवर लेव्हल ठेवा, मोबाइलमधलं चालेल, आणि ती आडवी करा. तरीही कोपरं ताठ राहत असतील तर हँडल तुमच्यापासून लांब आहे. अशा वेळी जेलची गादी फक्त दुखणं थोडं पुढे ढकलते.

४. बोल्ट (खर्च: एलन की, आणि शक्य असल्यास टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना)

हँडलला स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट धरून ठेवतात. बहुतेक स्टेमवरच किती जोराने आवळायचं तो आकडा छापलेला असतो, साधारण 5 ते 6 न्यूटन-मीटर. बोल्ट कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळा आणि पट्टीच्या वरची आणि खालची फट सारखी ठेवा (काही स्टेममध्ये वरची फट मुद्दाम पूर्ण बंद करायची असते, तसं त्यावर लिहिलेलं असतं). एक बोल्ट गच्च आणि समोरचा ढिला असेल तर हँडल खड्ड्यात फिरतंच, शिवाय पट्टीला तडा जाऊ शकतो.

ड्रॉप हँडलवर, म्हणजे टोकं खाली वळलेल्या हँडलवर, ब्रेकचे हुड (ब्रेक लिव्हरच्या रबराने झाकलेल्या मुठी) वेगळ्या कड्याने धरलेले असतात. हुड आतल्या बाजूला वळत असेल तर लोक टेपला दोष देतात, पण ढिला असतो हुडखालच्या कड्याचा बोल्ट. रबर मागून उलटवलं की तो दिसतो. शिमानो कंपनीचे लिव्हर 6 ते 8 न्यूटन-मीटरवर बसतात. सपाट हँडलची ग्रिप बोल्टवाली असेल तर तिचाही छोटा बोल्ट बघून घ्या.

इथे थांबायची पहिली जागा: हँडल कार्बनचं असेल आणि टॉर्क रेंच नसेल तर हात लावू नका. अंदाजाने आवळलेलं कार्बन आतून चिरतं आणि वरून काही कळत नाही. दिलेल्या टॉर्कवर आवळूनही हँडल फिरत असेल, बोल्टचं डोकं गोल झालं असेल किंवा आटा गेला असेल तर सायकल मेकॅनिककडेच न्या.

५. तीच टेप पुन्हा गुंडाळा (खर्च: स्पिरिट आणि अर्धा तास)

टेप फाटलेली नसेल, नुसती सरकली असेल, तर सोडवून पुन्हा गुंडाळणं हा सर्वात दुर्लक्षित उपाय आहे. सिलिकॉनची टेप तर यासाठीच केलेली असते, तिला गोंद नसतोच. गोंदवाली टेप सोडवताना पट्टी कधी कधी तुटते, तो धोका धरून चला.

टेप काढल्यावर नळी नीट बघा, अगदी नखाने चाचपून बघा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर घामाच्या मिठाने धातू खायला सुरुवात केलीय. भुकटी फडक्याने पुसा. खाली नुसता डाग असेल तर ठीक. नख अडकेल असा खड्डा किंवा केसासारखी रेघ असेल तर काम तिथेच थांबवा. हँडल चालताना तुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही. असं हँडल डागडुजी करून वापरायचं नसतं, बदलायचं असतं. म्हणूनच मी म्हणतो, टेप चांगली असली तरी वर्षातून एकदा सोडवाच, आणि खाडीलगत राहत असाल किंवा घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) घाम गाळत असाल तर त्याहून लवकर. पावसाळ्यात सायकलवर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवण्याची सवयही सोडा, ओल आत कोंडते.

जुना गोंद आयसोप्रोपिल स्पिरिटने काढा. रॉकेलने गोंद निघतो पण तेलकटपणा राहतो आणि नवी टेप पहिल्या दिवसापासून सरकते, त्यामुळे रॉकेल वापरलंच तर शेवटचं पुसणं स्पिरिटचं हवं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, रंग उतरतो. कार्बनवर ब्लेडही नको.

आता गुंडाळण्याची दिशा. अर्ध्याअधिक सुटलेल्या टेपांचं मूळ मला इथेच सापडतं. खालची वळणदार दांडी धरल्यावर हात नकळत बाहेरच्या बाजूला पिळतात, त्यामुळे टेप त्याच दिशेने आवळली जायला हवी. सीटवर बसून बघताना उजवीकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, डावीकडे उलट. वरच्या आडव्या भागावर आपण हँडल स्वतःकडे ओढतो, म्हणून तिथे टेप समोरून येऊन नळीच्या वरून आपल्या अंगाकडे उतरली पाहिजे. दिशा चुकली की प्रत्येक चढावर तुमचाच हात टेप सोडवत असतो.

सुरुवात टोकाकडून करा आणि वर या. कौलं खालून वर चढवतात तसंच हे, म्हणजे तळव्याच्या रेट्याने वेढ्याची कड उचलली जात नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश ते निम्मा चढवा. ताण सतत ठेवा, पण इतका नको की टेप पातळ होऊन चिरेल. वळणावर आतल्या बाजूला वेढे जवळ आणि बाहेर लांब पडतात, तिथे थोडा जास्त चढवा, फटी तिथेच पडतात. स्टेमजवळ टेप सरळ रेषेत कापून काळ्या टेपचे तीन-चार वेढे द्या. टेपबरोबर येणारी शोभेची पट्टी आपल्या उन्हात फार टिकत नाही.

आणि टोकाचं बूच. ते हरवलेल्या सायकली मला रोज दिसतात. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत घुसते, म्हणूनच शर्यतीत बूच सक्तीचं असतं. काही रुपयांची वस्तू आहे, आजच लावा.

६. नवे ग्लोव्हज

वरचं सगळं करूनही तळवा ओला होऊन सरकत असेल तर टेपच्या आधी ग्लोव्हज घ्या. पडताना आपण हातच पुढे करतो. डांबरावर तळव्याची सालटी निघण्यापासून टेप वाचवत नाही, ग्लोव्ह वाचवतो.

मापासाठी अंगठा सोडून बोटांच्या सांध्यांवरून तळव्याचा घेर मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी जुळवा, अंदाजाने एम-एल घेऊ नका. दुकानात ग्लोव्ह घालून एखाद्या सायकलचं हँडल प्रत्यक्ष धरा. मूठ वळल्यावर तळव्यात घडी पडली तर मोठा आहे. बोटं ताणल्यावर अंगठ्याचं बेचकं खेचलं गेलं तर लहान आहे. दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या, कापड वापरून थोडं सैल होतंच.

गादी कुठे आहे ते बोटाने दाबून बघा. करंगळीकडची अल्नर नस मनगटाजवळ तळव्याच्या बाहेरच्या कडेला एका अरुंद खाचेतून जाते. चांगल्या ग्लोव्हमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना उंचवटे असतात आणि मधली वाट मोकळी असते. तळव्याच्या मधोमध एक जाड सलग उशी असेल तर ती दुकानात मऊ लागते आणि तासाभराने नेमकी नसच दाबते. जाडीपेक्षा जागा महत्त्वाची.

तळव्याचं कापड: कृत्रिम साबर कोरडं असताना छान, भिजल्यावर घसरतं. त्यावर सिलिकॉनचे ठिपके किंवा रेषा असतील तर ओल्यातही पकड राहते. ते ठिपके नुसते तळव्यावर नकोत, तर्जनी आणि मधल्या बोटावरही हवेत, कारण ब्रेक तीच बोटं दाबतात. म्हणूनच एरवी अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज पुरेसे असले तरी जून ते सप्टेंबर मी पूर्ण बोटांचे, पातळ घालायला सांगतो: ओलं उघडं बोट धातूच्या लिव्हरवरून निसटतं. अंगठ्यामागे टॉवेलचं कापड असलेले निवडा, घाम सतत पुसावा लागतो. आणि परवडत असेल तर महागड्या एका जोडीपेक्षा मध्यम किमतीच्या दोन घ्या. पावसाळ्यात रात्री धुतलेला ग्लोव्ह सकाळी कोरडा मिळत नाही, आणि ओला ग्लोव्ह पुन्हा चढवला की खाज आणि वास दोन्ही येतात.

७. आता नवी टेप

टेप तीनशे-चारशे रुपयांपासून अडीच-तीन हजारांपर्यंत मिळते. किमतीपेक्षा ग्लोव्हजशी तिचं जमतं का ते बघा.

कॉर्क मिसळलेला फोम स्वस्त आणि मऊ. घाम शोषतो, म्हणून उघड्या हाताने चालवणाऱ्यांना आवडतो, पण मुसळधार पावसात भिजला की लवकर वाळत नाही आणि सोडवताना फाटतो. पॉलियुरेथेनची, बारीक छिद्रांची किंवा खडबडीत नक्षीची टेप आपल्या हवेत मला सर्वात भरवशाची वाटते: साबणाने धुता येते, टिकते, आणि नक्षीच्या खाचांमधून पाणी बाजूला जातं. गुळगुळीत चकचकीत प्रकार मात्र घेऊ नका. सिलिकॉन दणके छान शोषतं, पुन्हा पुन्हा गुंडाळता येतं. त्यावर सिलिकॉनच्या ठिपक्यांचा ग्लोव्ह घट्ट बसतो, पण ते पाणी शोषत नाही, त्यामुळे उघडा ओला हात त्यावर कधी कधी तरंगतो. सुती टेप पातळ आणि घाम पिणारी, दणक्यांना निरुपयोगी. घोडबंदरला रोज जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

जाडीचा हिशेब जरूर करा. ड्रॉप हँडलची नळी हाताखाली साधारण 24 मिमी असते. 2.5 मिमीची टेप निम्मी चढवून गुंडाळली की दोन थर होतात, म्हणजे सगळीकडून 5 मिमी, व्यास जवळपास 34 मिमी. 3.2 मिमीची घेतली तर तोच 37 मिमीच्या घरात. ताणाने थोडं कमी होतं, पण वर जाड जेलचा ग्लोव्ह आला की लहान हाताच्या माणसाची बोटं नळीला वेढा घालू शकत नाहीत. मग तो जास्त जोराने आवळतो, आवळल्याने हात थकतो, आणि थकलेला हात सरकतो. जाड टेप तर पातळ ग्लोव्ह, जाड ग्लोव्ह तर पातळ टेप. दोन्ही जाड घेऊन आलेल्यांच्या टेपा मी उतरवून पातळ गुंडाळून दिल्यात आणि तक्रार तिथेच संपलीय.

सपाट हँडलवाल्यांना टेप लागत नाही. ओढून बसवलेली रबरी ग्रिप फिरत असेल तर ती काढून आतली नळी आणि ग्रिपची आतली बाजू स्पिरिटने पुसा आणि स्पिरिट ओलं असतानाच पुन्हा चढवा, सुकलं की धरते. निदान एक रात्र जाऊ द्या. तरीही फिरली तर बोल्टवाली ग्रिप घ्या. बॅडमिंटनच्या रॅकेटची पातळ ग्रिप वरून गुंडाळणं तात्पुरतं चालतं, पावसाळा काढत नाही.

कधी थांबायचं

मेकॅनिककडे: नळीला तडा किंवा खड्डा, पडल्यानंतर कार्बनच्या हँडलवर कुठलाही ओरखडा, आवळूनही करकर, वाकडं झालेलं हँडल, आणि टेपखालून हायड्रॉलिक ब्रेकची नळी जात असून ती दबलेली किंवा ओलसर दिसली तर. ही कामं घरी करायची नाहीत.

डॉक्टरकडे: सायकल ठेवून दुसरा दिवस उजाडला तरी बोटं बधिरच असतील, बोटं पसरवताना जोर लागत असेल, हातातून वस्तू पडत असतील, चावी फिरवता येत नसेल, किंवा रात्री मुंग्यांनी जाग येत असेल. करंगळी आणि अनामिका असेल तर अल्नर नस, अंगठा-तर्जनी-मधलं बोट असेल तर मीडियन नस, हे डॉक्टरांना नेमकं सांगा आणि तोवर सायकल बंद ठेवा. नस फार काळ दबलेली राहिली तर हाताचे छोटे स्नायू झिजतात आणि ते भरून यायला फार वेळ लागतो.

हातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर सूज कमी असली तरी एक्स-रे काढा. तिथलं स्कॅफॉइड हाड मोडलेलं असूनही पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि पुन्हा तपासून घ्या.